मुलाला मराठी समजतं पण बोलत नाही, आणि माझी वऱ्हाडी ऐकून घरात हसतात

कांदिवलीहून एका मैत्रिणीचं पत्र आलंय, नाव देऊ नका म्हणालीय. पत्र मोठं होतं, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते:

"ताई, मी मूळची अकोल्याची, लग्न करून मुंबईत आले. नवऱ्याचं गाव रत्नागिरीकडे पण त्याचा जन्म इथलाच. मुलगा दुसरीत आहे, इंग्लिश मीडियमला. सोसायटीत बहुतेक गुजराती आणि मारवाडी, खाली खेळताना सगळी मुलं हिंदीच बोलतात, त्यामुळे हा घरातही हिंदीत उत्तर देतो. मी मराठीत विचारते, तो हिंदीत सांगतो. समजतं सगळं. माझ्या आईला हिंदी धड येत नाही. ती फोनवर 'काय करून राह्यला रे बावा' म्हणते आणि हा 'कुछ नहीं' म्हणून फोन माझ्या हातात देतो. आई काही बोलत नाही पण मला रडू येतं. मी त्याच्याशी आमच्याकडचं बोलायला लागले की सासूबाई म्हणतात, ते गावठी नको शिकवू, शाळेत हसतील. नवराही हसतो. म्हणून मी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलते. बाहेर तर हिंदीच. स्टेशनबाहेर एका बाईकडून कितीतरी दिवस हिंदीत भाजी घेत होते, एकदा तिला फोनवर बोलताना ऐकलं तर ती ओतूरची निघाली! दोघी मराठी आणि 'कितना, ज्यादा लगाया' करत होतो. त्यात हल्ली भाषेवरून एवढी भांडणं नि व्हिडिओ होतात की मराठीत बोललं तरी समोरच्याला वाटेल ही भांडायलाच आलीय. मी हट्ट धरू का सोडून देऊ? मुलगा कधी माझ्या आईशी बोलेल का?"

अगं मैत्रिणी,

सोडून देऊ नकोस, हे आधी सांगते म्हणजे पुढचं वाचताना जीव खालीवर नको व्हायला.

तू चार गोष्टी एकत्र लिहिल्यास, मुलगा, सासूबाई, भाजीवाली, बाहेरची भांडणं. पण मधे एक वाक्य तू पटकन लिहून पुढे गेलीस, की "मी जपून, पुस्तकातल्यासारखं बोलते". मी तिथेच थांबले. कारण मुलाचं उत्तर मला तिथे दिसतं. तू रागावतेस कशात, खळखळून हसतेस कशात, आईशी तासभर फोनवर कुणाच्या लग्नात काय झालं ते सांगतेस कशात? वऱ्हाडीत. आणि नेमकी तीच तू मुलासमोर बंद करून ठेवलीयस. मग त्याच्या वाट्याला मराठी कुठली येते, तर जेव, शूज घाल, होमवर्क झाला का, टीव्ही बंद कर. सगळ्या ऑर्डरी. आणि मजा सगळी हिंदीत, खाली क्रिकेट हिंदीत, कार्टून हिंदीत, बाबांबरोबर मोबाईलवरचा गेम हिंदीत. सात वर्षांचं पोर यातलं काय निवडणार? तो मराठी टाळतोय असं मला अजिबात वाटत नाही, त्याला मराठीत बोलण्यासारखं काही मिळतच नाहीये.

त्यामुळे पहिलं काम मुलाला सांगायचं नाहीये, तुझं तुलाच करायचंय. आजपासून घरात तुझी वऱ्हाडी बोल. पूर्ण बोल, सगळ्या "मले-तुले" सकट, 'का'च्या जागी काहून म्हण, करून राहिली म्हण, त्याला लाडाने पोट्टं म्हण. आणि ऑर्डरी सोडून बाकीचं बोल. तुझ्या लहानपणी अकोल्याच्या उन्हाळ्यात दुपारी काय करायचात, कूलरसमोर कोण झोपणार यावरून भावंडांत कशी मारामारी व्हायची, शाळेत कुठल्या सरांची भीती वाटायची, हे त्याला रात्री झोपताना सांग. पोरांना आईबाबांच्या लहानपणच्या खोड्या ऐकायला जाम आवडतात आणि त्या तुझ्याच बोलीत रंगतात, पुस्तकी मराठीत त्यांची बातमी होते.

गावठी या शब्दावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण हे ऐकून ऐकून कितीतरी बायका मुंबईत गप्प झाल्यात. नागपूरची असो, लातूरची असो, चंदगडची असो, मुंबईत आली की पहिली वर्षं तिची स्वतःचं बोलणं घासूनपुसून काढण्यात जातात. आपण ज्याला शुद्ध म्हणतो ते मुख्यतः पुण्याकडचं मराठी, १९व्या शतकात शाळेची पुस्तकं आणि छापखाने आले तेव्हा त्यातून ठरत गेलं. शाळेत, अर्जात, बातम्यांत सगळ्यांना कळेल असं एक मराठी लागतं, ते ठीकच आहे, मुलाला ते शाळा शिकवेल. पण त्यामुळे बाकीचं मराठी हलकं कसं झालं? तुझ्या वऱ्हाडातलं, अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर तुला माहीत असेलच. महानुभाव पंथाच्या लोकांनी १३व्या शतकात मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ तिथे लिहिला, आणि आता राज्याचं मराठी भाषा विद्यापीठही तिथेच सुरू झालंय, पुण्यात नाही आणि मुंबईतही नाही. ज्या भागाने मराठीला गद्य दिलं तिथल्या लेकीने आपल्या पोराशी बोलताना का दबावं? हे नवऱ्याला नक्की सांग.

आता सासूबाई. त्यांच्याशी भांडू नकोस, त्या वाईट हेतूने बोलत नसणार. "शाळेत हसतील" असं ज्या घाईने त्या म्हणतात ना त्यावरून मला वाटतं त्यांना कुणीतरी कधीतरी हसलेलं आहे. रत्नागिरीकडून मुंबईत आलेल्या त्या पिढीतल्या कित्येक बायकांनी चाळीच्या नळावर आणि नवऱ्याच्या साहेबाच्या घरी हे टोमणे खाल्लेत. मी स्वतः परळला चाळीत वाढले, गिरण्या चालू होत्या तेव्हा, आमच्या मजल्यावर सातारचे होते, मालवणी होते, संगमेश्वराकडचे होते, कोपऱ्यातल्या खोलीत पद्मशाली तेलुगू कुटुंब होतं, आणि सगळ्या बायका एकमेकींच्या बोलीची नक्कल करायच्या पण प्रत्येकीचं घर तिच्याच बोलीत चालायचं. १९८२ च्या संपानंतर ती माणसं पांगली, कुणी गावी गेलं, कुणी डोंबिवली-विरारला, आणि ते ऐकू येणं गेलं. नव्या सोसायट्यांत शेजारी कोण कुठल्या गावचं हे कळायलाच वर्ष जातं.

सासूबाईंकडे एक मागणं माग. म्हण, आई, तुम्ही गावच्या लोकांशी फोनवर जसं बोलता तसंच याच्याशी बोला, तुमच्या गावची गोष्ट सांगा, होळीला पालखी घरी यायची ते सांगा, फणस कसे काढायचे ते सांगा. म्हणजे तुझी वऱ्हाडी आणि त्यांची तिकडची बोली असा सामना राहत नाही, दोन्ही घरात राहतात. मुलाचं डोकं गोंधळेल ही भीती काढून टाक, तो आत्ताच शाळेत इंग्रजी, खाली हिंदी आणि कानावर गुजराती असं चालवतोय ना, आणि कोणाशी काय बोलायचं हे त्याला बरोबर कळतं. आजीशी एक, आईशी एक, हेही त्याला जमेल. मुलं अशी वाढतात, जगभर वाढतात.

आता तुझी ओतूरची भाजीवाली. ही गोष्ट वाचून मला हसू आलं नाही, वाईट वाटलं, कारण मुंबईत हे रोज लाखो वेळा होत असणार. समोर अनोळखी माणूस आला की आपण आपोआप हिंदी सुरू करतो, तोही आपल्याकडे बघून तेच करतो, आणि दोघांनाही वाटतं समोरचा परप्रांतीय आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती आणि त्यातल्या जवळपास ४४ लाख लोकांनी मातृभाषा मराठी सांगितली होती, हिंदी सांगणारे ३६ लाखांच्या आसपास होते. म्हणजे तिघांमागे एक माणूस घरात मराठी बोलणारा, शिवाय जन्मापासून इथे राहून मराठी शिकलेले गुजराती, कानडी, तमिळ, मुस्लिम, ख्रिश्चन लोक वेगळेच. वसई-गोराईचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिश्चन, तर घरात मराठीच बोलतात आणि नावं ऐकून आपण त्यांच्याशी इंग्रजी सुरू करतो. एवढी माणसं आहेत गं, फक्त पहिलं वाक्य कोणी टाकत नाही.

ते तू टाक. भाजी घेताना "मेथी कशी दिली?", रिक्षात बसताना "स्टेशनला सोडता का?", बँकेत "पासबुक भरायचंय". एवढंच, साध्या आवाजात, रोज. समोरचा मराठीत बोलला तर छानच, त्याने हिंदीत उत्तर दिलं पण समजलंय असं दिसलं तर तू मराठीतच चालू ठेव, आणि त्याला खरंच काही कळलं नाही तर हिंदीत सांग आणि काम कर, त्यात कमीपणा काही नाही. नुकताच बिहारहून आलेला पोरगा दोन महिन्यांत "किती", "सुट्टे", "डावीकडे" शिकतो, फक्त कोणीतरी त्याच्याशी बोलायला हवं ना, आपणच जर त्याला हिंदीत उत्तर देत राहिलो तर तो कुठून शिकणार?

आणि जिथे तुझा हक्क आहे तिथे संकोच करूच नकोस. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे की बँकेतले फॉर्म नि काउंटरवरचे बोर्ड हिंदी, इंग्रजी आणि त्या राज्याची भाषा अशा तिन्हींत हवेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत, तेव्हा मराठी फॉर्म संपलेत म्हणाले तर शांतपणे मागून घे. राज्य सरकारचा कारभार १९६४ च्या राजभाषा कायद्याने मराठीतच चालतो.

भांडणांबद्दल माझं मत सरळ आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये सरकारने पहिलीपासून हिंदी आणायचा जीआर काढला, लोक चिडले, आणि २९ जूनला सरकारला ते मागे घ्यावं लागलं. तो विरोध मला पटला होता, सहा वर्षांच्या पोरावर तिसरी भाषा लादायची काही गरज नव्हती आणि लोकांनी एकत्र येऊन ते थांबवलं हे चांगलंच झालं. पण एखाद्या दुकानात काम करणाऱ्या पोराला मराठी येत नाही म्हणून कानाखाली मारायची आणि त्याचा व्हिडिओ टाकायचा, याने एकही माणूस मराठी शिकला नसेल. उलट तुझ्यासारख्या बायका बाहेर तोंड उघडायला घाबरतात, म्हणजे नुकसान मराठीचंच झालं. तू भांडायला आलेली नाहीस हे तुझ्या आवाजावरून कळतं लोकांना, एकदोनदा बोलून बघ, बहुतेक वेळा समोरचा हसून उत्तर देतो.

एक गोष्ट मात्र तुझ्या पत्रात नव्हती आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. तू लिहितेस सोसायटीत गुजराती आणि मारवाडी मुलं आहेत आणि सगळे खाली हिंदीत खेळतात. अगं मग ती हिंदी त्यातल्या कुणाच्या घरची आहे? गुजराती पोराच्या घरची नाही, तुझ्याही घरची नाही, आणि मारवाडी पोराच्या आजीला विचार ती काय बोलते. जनगणना मारवाडी आणि भोजपुरी दोन्ही हिंदीखालीच मोजते, त्यामुळे कागदावर दिसत नाही, पण तुमच्या वॉचमनची आई गावी भोजपुरी बोलत असेल आणि त्याचा मुलगा मुंबईत तिच्याशी फोनवर तुझ्या मुलासारखाच गप्प बसत असेल. म्हणजे तू ज्यांना दुसऱ्या बाजूचे समजतेस त्यातल्या किती आयांची रात्रीची तक्रार तुझ्यासारखीच असणार, की पोरगं आजीशी, म्हणजे बा शी बोलत नाही, नानी शी बोलत नाही.

त्यांच्यातल्या एकीशी तरी यावर बोल. आणि मराठीतून सुरुवात कर. मुंबईतले गुजराती काही काल आलेले नाहीत, फोर्टातून निघणारं मुंबई समाचार हे गुजराती वर्तमानपत्र १८२२ पासून चालूय, आणि ज्यांचं बालपण गिरगाव-भुलेश्वरला गेलं ते गुजराती तर इतकं स्वच्छ मराठी बोलतात की आपण बघत राहतो. तुमच्या सोसायटीतल्या एखाद्या मोठ्या बेनना मराठी येतं का हे तू कधी विचारलंयस का? येत असेल तर त्यांना सांग, माझ्या मुलाशी मराठीत बोला ना मावशी. मुलाला जेव्हा दिसेल की गुजराती मावशीसुद्धा मराठी बोलते तेव्हा मराठी ही फक्त आईची कटकट राहणार नाही. आणि तूही त्यांच्याकडून चार वाक्यं गुजराती शिक. या शहराला हे नवीन नाही, महापालिकेच्या शाळा आजही मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड अशा आठ भाषांत चालतात, आपणच उंच इमारतींत आल्यावर सगळं एका भाषेत उरकायला लागलो.

मुलाबद्दल अजून थोडं. तो हिंदीत उत्तर देतो तेव्हा "मराठीत बोल" असं अडवू नकोस, आणि "मराठीत सांगितलंस तरच देईन" हे तर कधीच करू नकोस, त्याने मराठी म्हणजे शिक्षा होते. तो म्हणाला "मम्मी, बॉल गुम गया" तर तू सहज म्हण, "हरवला का रे बॉल, कुठं टाकला होता?" आणि पुढचं बोलणं चालू ठेव. तुझ्या तोंडून त्याला शब्द मिळत राहतील. चुका काढू नकोस, "ती बॉल" म्हणाला तर म्हणू दे. त्याला समजतं म्हणजे निम्म्याहून जास्त काम झालेलं आहे, त्याला आता फक्त बोलण्याची गरज पडायला हवी. आणि कुणी हसता कामा नये. पहिल्यांदा तो मराठीत मोठं वाक्य बोलेल ना, तेव्हा घरातल्या कोणीही "बघा बघा मराठी बोलला" असं करायचं नाही, सासूबाईंनी नाही, नवऱ्यानेही नाही. मुलं त्या कौतुकानेसुद्धा लाजून बंद होतात.

शाळेवर अवलंबून राहू नकोस. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं, चांगलं झालं, पण आठवड्यातल्या काही तासांत धडा आणि शब्दार्थ होतात, गप्पा होत नाहीत. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय, जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात, त्यातली एक गोष्ट रोज तू मोठ्याने वाच, तुझ्या हेलात वाच. बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात सुट्टीत बालनाट्यं लागतात, तुमच्यापासून लांब नाही, एकदा नेऊन बघ, शे-दोनशे पोरं एकदम मराठीत ओरडताना तो पहिल्यांदाच बघेल.

नवऱ्याला एकच काम दे, मोबाईलवरचा तो गेम आणि क्रिकेटची मॅच मराठीत. "अरे आउट झाला, काय बॉल टाकला यार" हे बाबांकडून मराठीत आलं की मजा मराठीत यायला लागते. तो स्वतः मुंबईत वाढलाय, त्याला ते कठीण नाही, फक्त सवय नाही. आणि तुझ्या बोलण्यावर हसायचं बंद, हे त्याला एकदा मुलासमोर नाही तर दोघंच असताना स्पष्ट सांग. सांग की तू हसतोस तेव्हा मी माझ्या आईपासून तुटते आणि तुझा मुलगाही तुटतो. मला नाही वाटत हे त्याच्या लक्षात आलंय.

राहिली तुझी आई. फोनवर "काय करून राह्यला" या प्रश्नाला कुठल्याही पोराकडे उत्तर नसतं गं, मराठी असो नाहीतर हिंदी. आईला सांग, प्रश्न विचारण्याऐवजी त्याला काहीतरी दाखव. व्हिडिओ कॉलवर मांजरीची पिल्लं दाखव, पापड वाळत घातलेत ते दाखव, अंगणात काय उगवलंय ते दाखव, त्याच्या आईची लहानपणची एखादी चोरी सांग. पोरगं स्वतःहून विचारायला लागेल, आधी हिंदीत विचारेल, आईला कळणार नाही, ती म्हणेल काय म्हणतं रे, आणि मग त्याला मराठीत सांगावं लागेल. तू मधे पडून भाषांतर करू नकोस. हे कठीण जाईल तुला, पण खोलीबाहेर जाऊन बस.

आणि मे महिन्यात त्याला अकोल्याला ने. सोडून ये. तू दोन दिवस राहा आणि परत ये, तो राहू दे पंधरा-वीस दिवस आजीकडे आणि मामाच्या पोरांबरोबर. पहिले दोन दिवस रडेल, फोन करून घरी न्या म्हणेल, तेव्हा विरघळू नकोस. गल्लीतली पोरं त्याच्या हिंदीला भाव देणार नाहीत, त्याला खेळायला घ्यायचं तर त्याला त्यांच्यासारखं बोलावं लागेल, आणि हे कुठल्याही क्लासने होत नाही. तो परत येईल तेव्हा सासूबाईंना "काहून" म्हणून उत्तर देईल, त्याची तयारी घरात आधीच करून ठेव.

अमरावती एक्सप्रेसने रात्री बसलं की पहाटे अकोला येतं, तुम्हाला दादरहून बसता येईल. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं आणि सुट्टीतल्या विदर्भाच्या गाड्या बघता बघता भरतात, तेव्हा मेची तिकिटं मार्चमध्येच काढून टाक. आईला मात्र आजच कळव.